पायताणाची आयुर्मर्यादा

कोल्हापुरी चपलेच्या जन्माविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कातडे कसे कमावतात, वेणी कशी गुंफतात, कापशी, पुकरी, कचकडी आणि बक्कलनाळी यांत भेद काय, याची वर्णने दिवाळी अंकांतून वारंवार येतात; २०१९ साली महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून तिचे भौगोलिक मानांकन लाभले, तेव्हा त्या वर्णनांवर सरकारी मोहोरही उमटली; आणि जून २०२५ मध्ये मिलान शहरी प्रादा या पेढीच्या वेशप्रदर्शनात तिच्याच घडणीचा जोड कोल्हापूरच्या नावाचा उच्चार न होता अवतरला, तेव्हा तर ज्यांनी जन्मात कधी कोल्हापुरी पायात घातली नव्हती तेही तिच्या कुलशीलाचे जाणकार झाले. तिच्या मरणाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. एखादा जोड संपला, आता त्याला टाका घालण्यात अर्थ नाही, नवा घेतला पाहिजे, हा निर्णय कोण करी, कशाच्या आधारावर करी आणि त्या निर्णयाचा खर्च कोणाच्या माथी पडे, हा प्रश्न वरवर क्षुद्र वाटला तरी या धंद्याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील इतिहास मला त्याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. वहाण किती दिवस टिकते हे कातड्यावर अवलंबून असते असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे मरामतीचा मोबदला कोण देतो यावर अवलंबून असते.

प्रथम कातड्याविषयी. करवीर प्रांताची भूमी या धंद्याला अनुकूल होती ती तीन कारणांनी. पश्चिमेस राधानगरी, गगनबावडा आणि विशाळगडाकडील सह्याद्रीच्या रानांत हिरडा विपुल. पूर्वेस पंचगंगा आणि कृष्णेच्या सपाट मुलखात बाभळीला तोटा नाही. आणि या दोहोंच्या मध्ये म्हशींची अशी समृद्धी, की गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून दूध देण्याची चाल या शहराच्या अभिमानाचा विषय होऊन बसली आहे. म्हशीचे कातडे जाड व चिवट असते, पण त्याच जाडीमुळे ते कमावण्यास वेळ लागतो. ते आधी धुऊन चुन्याच्या पाण्यात टाकावे, केस सैल झाले म्हणजे खरवडून काढावेत, आतल्या बाजूचे मांस सोलून काढावे, मग बाभळीच्या सालीच्या कषायात मुरवावे; आणि त्यानंतरची क्रिया तर पाहण्याजोगी असे. त्या कातड्याची कडेने शिवून पखालीसारखी पिशवी करीत, ती लाकडी आढ्याला टांगीत, तिच्यात साल व हिरड्याचा चुरा आणि कषाय भरीत, आणि कातड्याच्या रंध्रांतून जो रस थेंबथेंब खाली पाझरे तो भांड्यात धरून पुन्हा वरून ओतीत. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगून तोच क्रम पुन्हा चाले. महिनाभर, कधी त्याहून अधिक काळ, हे काम पुरे. साल आणि हिरडा यांतील तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंशी असे एकजीव झाले म्हणजे ते कुजत नाही, पाण्याला काही अंशी दाद देत नाही, आणि विशेष म्हणजे घालणाऱ्याच्या पायाचा ठसा हळूहळू आपल्या अंगी घेते. हा शेवटचा गुण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे; कारण जी वस्तू वापराने अधिक सोयीची होत जाते, ती टाकून देण्याचा क्षण माणूस शक्य तितका पुढे ढकलतो.

नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस पायाला चावते, हे सर्वांस ठाऊक आहे. तिला एरंडेल किंवा खोबरेल पाजावे, रात्रभर मुरू द्यावे, घरातल्या घरात थोडी वापरावी, आणि मग रस्त्यावर काढावी, असा जुन्या माणसांचा उपदेश असे. तेल पाजण्याचे हे काम एकदाच करून भागत नाही. कातडे कोरडे पडू लागले, पट्ट्यावर बारीक चिरा दिसू लागल्या, की पुन्हा तेल. भिजली तर उन्हात न टाकता सावलीत वाळवून पुन्हा तेल. ज्याने हा नित्यक्रम सांभाळला त्याची चपल वर्षानुवर्षे चाले, आणि ज्याने ती उन्हात चुलीसारखी तापवली त्याची एका हंगामात तडकून जाई.

आता ती झिजते कशी ते पाहू. या वहाणेत जुन्या पद्धतीप्रमाणे खिळा नाही. तळाचे दोन थर कातड्याच्याच बारीक वादीने शिवलेले, टाचेखाली आणखी थर चढवलेले, दोन्ही बाजूंना कान, त्यांतून ओढून घेतलेला पट्टा, आणि पुढे अंगठा. या घडणीमुळे प्रत्येक अवयव स्वतंत्रपणे झिजतो आणि स्वतंत्रपणे बदलता येतो. सर्वांत आधी जातो तो अंगठा. बाजारात, देवळाच्या पायरीशी, एस.टी.च्या फळकुटावर चढताना तो नेमका गैरसोयीच्या वेळी तुटतो. त्यामागून टाच. बहुतेक माणसे टाचेच्या बाहेरच्या अंगावर भार टाकून चालतात, म्हणून ती बाजू तिरपी होत जाते आणि चपल सपाट फरशीवर ठेवली असता बाहेर कलते. मग तळाच्या कडेचे टाके उसवू लागतात, दोन थरांमध्ये वाळू शिरते, ती आतून कातडे घासते. आणि अगदी शेवटी, पुष्कळ काळाने, चवड्याखालचा तळ पातळ होऊन रस्त्याची उष्णता पायाला जाणवू लागते. जुन्या काळी तळाच्या थरांत एक प्रकारचे बी घालून चालताना करकर आवाज येईल अशी योजना करीत; पाटील किंवा पैलवान वाड्याबाहेर पडल्याची वर्दी गल्लीला त्या आवाजाने मिळे. तो आवाज बदलला म्हणजे थर सुटत चालले हे मालकाच्या आधी शेजाऱ्यांना कळत असावे.

मरामतीची क्रिया जवळून पाहण्याची संधी ज्यांना मिळाली असेल त्यांना तिच्यातील काटकसर लक्षात आली असेल. कारागीर आधी चपल हातात घेऊन वाकवतो. वाकवल्यावर तळ नुसता लवला तर त्यात जीव आहे. आडव्या रेषेत करकचून भेग पडली तर नाही. मग तो अंगठ्याच्या नखाने कडेचे टाके चाचपतो, रापीने कुजलेला भाग तासून टाकतो, नवी वादी पाण्यात मऊ करून घेतो, आरीने जुन्याच भोकांतून वाट काढतो, कारण नवी भोके पाडली तर कड दुबळी होते, आणि वादी दोन्ही बाजूंनी ओढून हातोडीने टाका बसवतो. टाच भरायची झाली तर झिजलेल्या बाजूलाच पाचरीसारखा तुकडा घालतो. सबंध टाच उगाच बदलीत नाही. हे सगळे होईतो गिऱ्हाईक एका पायावर उभे असते, म्हणून बोलणे आखडते असते. पण त्या वाकवून पाहण्यात जो निवाडा होतो तो पुष्कळ जुन्या न्यायासनावरून होत आलेला आहे.

ते न्यायासन म्हणजे बलुत्याचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथामुळे बलुतेदारीचे चित्र मराठी वाचकांना परिचित आहे, त्यामुळे ते येथे विस्ताराने काढण्याचे कारण नाही. कुणब्याच्या वहाणा सांधणे, मोटेला ठिगळ लावणे, जू-नाडे, आसूड, जी म्हणून चामड्याची वस्तू शेतीला लागे तिची डागडुजी करणे हे चर्मकार बलुतेदाराचे काम. त्याबद्दल सुगीत खळ्यावर धान्याचा ठराविक हिस्सा उचलणे हा त्याचा हक्क. नव्या जोडाचा मोबदला मात्र बहुधा निराळा ठरे. गावोगाव दस्तुरी निराळी, पण मरामत बलुत्यात आणि नवी वस्तू बलुत्याबाहेर, हा सर्वसाधारण कल.

या व्यवस्थेचा परिणाम काय झाला असेल याचा विचार करावा. कुणब्याच्या दृष्टीने मरामत फुकट, कारण तिचे धान्य तो एरवीही देणारच. नवा जोड मात्र पदरमोडीचा. तेव्हा जोड संपला असे तो कधीच कबूल करणार नाही. आणखी एक टाका घाल, आणखी एक पट्टा बदल, पंढरीची वारी तेवढी होऊ दे, दिवाळी तेवढी जाऊ दे. उलट कारागिराच्या दृष्टीने प्रत्येक टाका हा वेळेचा आणि कातड्याचा भुर्दंड, आणि जोड एकदाचा मेला असे जाहीर होण्यातच त्याचा लाभ. दोघांचे हितसंबंध असे परस्परविरुद्ध असताना निवाडा व्हावा कसा? तो व्हायचा कातड्याकडे पाहून, आणि जेथे तेवढ्याने भागत नसे तेथे कुणब्याच्या शब्दाला अधिक वजन पडून. माझा तर्क असा आहे की या ओढाताणीतूनच या प्रदेशातील वहाणेची ती प्रसिद्ध जाडी आणि जडपणा आला. ज्याला आपण केलेली वस्तू स्वतःच आयुष्यभर फुकट दुरुस्त करावी लागणार आहे तो ती पहिल्यापासूनच अशी करील की दुरुस्तीचे प्रसंग कमी यावेत. तिच्या टिकाऊपणाचे श्रेय कारागिराच्या हाताला आहे हे खरेच. पण त्या हातावर कोणता भार होता हे सांगितल्यावाचून ते श्रेय देणे म्हणजे अर्धे कर्ज फेडण्यासारखे आहे.

आणि हा भार केवळ धान्याच्या मापाचा नव्हता. कातडी कमावणारा ढोर समाज आणि वहाणा शिवणारा चर्मकार समाज हे दोन्ही अस्पृश्य लेखले जात. ज्याने सबंध गावाला वहाणा पुरवाव्यात त्यानेच वाड्यापुढून जाताना स्वतःच्या वहाणा काढून हातात घ्याव्यात, असा विपरीत रिवाज महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाळला जाई. याच भूभागाच्या पूर्वेस, कल्याणच्या शरणपरंपरेत, बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या मंडळीत कक्कय्या हे कातडी कमावणारे आणि हरळय्या हे वहाणा शिवणारे संत होऊन गेले. हरळय्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आपल्या मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी पादत्राणे केली, आणि ती पाहून बसवेश्वरांनी ती पायात न घालता मस्तकी धरली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे ऐतिहासिक मोल काय ते इतिहासकारांनी ठरवावे. मला तिच्यातील एवढीच गोष्ट अर्थपूर्ण वाटते की त्या परंपरेने पादत्राणाची किंमत करताना ते करणाऱ्याच्या देहाची किंमत प्रथम केली. गावगाड्याच्या जाबत्यात तो रकाना नव्हता.

हा जाबता मोडला तो छत्रपती शाहू महाराजांनी. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याधिकार हाती आल्यापासून त्यांनी जी कामे केली त्यांपैकी १९०२ सालचा निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा जाहीरनामा सर्वांच्या तोंडी असतो. १९१८ साली त्यांनी संस्थानातील बलुतेदारीची पद्धत बंद केली, हे त्या मानाने कमी आठवले जाते. वस्तुतः एका कारागिराच्या रोजच्या जगण्यात याहून मोठा बदल कल्पिणे कठीण आहे. बलुत्याचे बंधन गेले म्हणजे गावाने बोलावले की गेलेच पाहिजे ही सक्ती गेली. त्याबरोबर खळ्यावरच्या धान्याची शाश्वतीही गेली. आता टाक्याला दाम पडू लागला. आणि टाक्याला दाम पडू लागताच जोड कधी संपला या प्रश्नाचे उत्तर बदलले. पूर्वी ज्या चपलेला दहाव्यांदा अंगठा लागला असता तिला आता मालक आपणच वाकवून पाही, मनात हिशेब करी, आणि नव्या जोडाची चौकशी करी. निवाडा कातड्यावरून उठून गिऱ्हाइकाच्या खिशात गेला. हे स्थित्यंतर एका वर्षात किंवा एका हुकुमाने सर्वत्र घडले असे कोणी समजू नये. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले त्यानंतरही खेड्यांतून बलुत्याच्या नावाने धान्य मोजले जात होते. तरी ओघ कोणीकडे होता हे स्पष्ट आहे.

महाराज स्वतः या धंद्याचे आश्रयदाते होते. त्यांच्या काळात कोल्हापूर ही मोठी पेठ झाली. १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीत गुळाचा व्यापार वाढला, परगावचे व्यापारी येऊ लागले, आणि येणारा माणूस अंबाबाईचे दर्शन घेऊन परत जाताना एक जोड बांधून नेई. अशा गिऱ्हाइकासाठी केलेली चपल गावच्या कुणब्यासाठी केलेल्या पायताणासारखी असून चालणार नव्हती. तिला हलकी, पातळ, नाजूक व्हावे लागले, कारण ती घेणारा ढेकळांतून चालणारा नव्हता. आणि तिला मरामतीचा विचार करावा लागला नाही, कारण ती शिवणारा आणि झिजवणारा यांची पुन्हा गाठ पडणार नव्हती. चपलांच्या दुकानांची आजची रांग, जिला चप्पल लाइन म्हणतात, ही त्या बाजाराची वारस आहे. तेथे मांडलेल्या देखण्या जोडांकडे पाहून जुन्या माणसांनी ‘ही काय टिकणार’ असे नाक मुरडावे हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या व्यवस्थेने ती जुनी जाडी निर्माण केली ती परत आणावी असे त्यांपैकी कोणी म्हणेल असे वाटत नाही.

पुढची दोन आक्रमणे रबराची. बाटा ही चेक पेढी १९३१ च्या सुमारास हिंदुस्थानात आली आणि कलकत्त्याजवळ तिच्या कारखान्याभोवती बाटानगर उभे राहिले. कापडी वरची बाजू आणि रबरी तळ असलेला तिचा स्वस्त बूट शाळेतल्या मुलांच्या पायांत गेला. दुसरे आक्रमण याहून घरगुती होते. मोटारींचे आणि ट्रकांचे जुने टायर कापून त्यांचा तळ चपलेला लावण्याची युक्ती चर्मकारांनीच उचलली, आणि शेतकऱ्याला ती मनापासून पसंत पडली. टायर चिखलाला भीत नाही, पाण्याने फुगत नाही, आणि झिजता झिजत नाही. त्या चपलेत आधी वरचे पट्टे जातात, मग टाके, आणि तळ शेवटपर्यंत जशाचा तसा राहतो. सौंदर्यदृष्टीने ती वस्तू कुरूप आहे हे मान्य करूनही, मरामतीच्या इतिहासात तिला मानाचे स्थान द्यावे लागेल, कारण एका गाडीची झीज जेथे संपली तेथून एका माणसाची सुरू झाली.

मात्र धावण्यासाठी म्हणून वेगळे पादत्राण असते ही कल्पना या प्रदेशात फार उशिरा आली. कोल्हापूरचा पुरुषार्थ तालमीच्या तांबड्या मातीत वाढला, आणि मातीत अनवाणी उतरावयाचे असते. १९१२ साली पूर्ण झालेल्या खासबाग मैदानात जे मल्ल उतरले त्यांना पायात काय घालावे हा प्रश्नच नव्हता. धावणाऱ्यांची गोष्टही निराळी नव्हती. बेळगावचा फडेप्पा चौगुले आणि त्याच्यासारखे शेतकऱ्यांचे मुलगे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळत. त्यांचा वेग पाहून जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांच्या मनात हिंदी खेळाडूंना ऑलिंपिकला पाठवण्याचा विचार आला, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. १९२० साली अँटवर्प येथे चौगुले मॅरेथॉन धावला. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरांची होती. ऑलिंपिकमध्ये याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. तो २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोहोचून एकोणिसावा आला. ज्याच्या देशात क्रीडासामग्री नावाची वस्तू जवळजवळ नव्हती त्याचा हा क्रमांक किरकोळ नाही. आणि ही परंपरा तेथेच थांबत नाही: साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत पोहोचून दहावी आली, आणि तिचेही धावणे गावच्या मातीवरच सुरू झाले होते.

आज कोल्हापुरात पहाटे रंकाळ्याच्या काठाने किंवा शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला गेले तर धावणाऱ्यांचे दोन वर्ग दिसतात. एक वर्ग पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचा. त्यांना सोळाशे मीटर पळावयाचे असतात, बुटांवर खर्च करण्यास पैसा नसतो, आणि जोड कधी बदलावा याचा निर्णय भरतीची तारीख करते. दुसरा वर्ग डॉक्टर, वकील, व्यापारी, प्राध्यापक यांचा. त्यांच्या पायांत परदेशी बनावटीचे रंगीत बूट असतात आणि मनगटावर किलोमीटर मोजणारे घड्याळ. या दुसऱ्या वर्गाच्या बुटाने झिजेच्या सगळ्या जुन्या खुणा लपवून टाकल्या आहेत. १९७० नंतरच्या दशकात धावण्याच्या बुटाच्या तळात ईव्हीए नावाचा फेस येऊन बसला. पायाखालचा धक्का शोषून घेणे हे त्याचे काम. त्याच्या पोटात हवेच्या असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात, आणि प्रत्येक पावलाने त्या थोड्याथोड्या चेपत जातात. बाहेरून पाहावे तर वरचे कापड नवे, खालचे रबर शाबूत, रंग झळझळीत. आतला फेस मात्र मेलेला. १९८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्राने चेपलेल्या बुटांची धक्का शोषण्याची शक्ती अडीचशे ते पाचशे मैलांनंतर मूळच्या साठ टक्क्यांपेक्षाही खाली आली, आणि माणसांनी प्रत्यक्ष वापरलेल्या बुटांत ती पाचशे मैलांनंतर सुमारे सत्तर टक्के उरली, असे आढळले. पाचशे मैल म्हणजे सुमारे आठशे किलोमीटर; हे अंतर फार नव्हे. आठवड्याला चाळीस किलोमीटर पळणारा ते पाच महिन्यांच्या आत ओलांडतो.

पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की बूट बदलावा, हा जो आकडा सर्वत्र ऐकू येतो त्याला असा काही आधार आहे. पण तो आकडा सर्वांत मोठ्याने सांगणारा बहुधा बूट विकणाराच असतो, हेही ध्यानात ठेवावे. बलुत्याच्या काळी कारागिराला जोड लवकर मरावासा वाटे आणि तो मरत नसे. येथे पेढीला तसेच वाटते आणि तो खरोखरच मरतो, शिवाय मेला हे पेढीच सांगते. शहाणा धावणारा म्हणून स्वतःच्या खुणा शोधतो. फेसाच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडून त्या पाय काढल्यावरही जात नाहीत का? अंगठ्याने दाबले असता फेस लवतो की लाकडासारखा लागतो? बूट फरशीवर ठेवून मागून पाहिला असता टाच एका अंगाला कलते का? आणि मुख्य म्हणजे, पळण्यात काही फरक केला नसताना नडगी किंवा गुडघा अलीकडेच दुखू लागला आहे का? दोन जोड आलटून पालटून वापरले तर फेसाला फुगण्यास वेळ मिळतो, असे अनुभवी लोक सांगतात. ज्याला दोन जोड परवडतात त्याने ते जरूर करावे.

कोल्हापुरातील सुभाषनगर आणि जवाहरनगरच्या चपला शिवणाऱ्या कारागिरांपुढे आज वेगळ्याच चिंता आहेत. २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आल्यावर कातड्याचा पुरवठा आटला, भाव चढले, आणि कमावलेले कातडे परप्रांतातून आणावे लागू लागले. हिरडा आणि बाभळीच्या सालीच्या पिशव्या टांगणारी घरे कमी होत गेली. चामड्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम मालाच्या चपला कोल्हापुरीच्या नावाने चौकाचौकांत स्वस्त मिळू लागल्या. ही नकली चपल वाकवून पाहण्याची सोयच नाही. तिच्यावर टाका धरत नाही, पापुद्रा सुटला की कचऱ्यात. मानांकनाच्या शिक्क्याने हा प्रकार थांबेल अशी आशा आहे, पण शिक्का विकत घेण्याच्या क्षणापुरता असतो. खरी परीक्षा तीन वर्षांनी, चपल दुरुस्तीला नेल्यावर, होते, आणि त्या वेळी गिऱ्हाईक दुकानदाराला शोधीत फिरत नाही.

रस्त्याच्या कडेला बसणारा कारागीर मात्र दोन्ही वस्तू हातात घेतो. धावण्याचा बूट आणला तर तो सुटलेले रबर चिकटवून देतो, फाटलेल्या जाळीला आतून अस्तर लावतो, नाडीची पितळी भोके बदलतो. फेस भरून देता येत नाही हे त्याला ठाऊक असते आणि तो तसे सांगतोही. धावण्यातून निवृत्त झालेला असा बूट मग चालण्याच्या कामी येतो. जूनमध्ये पंचगंगेला पाणी चढू लागले आणि घराघरांतून कोल्हापुरी चपला तेल पाजून माळ्यावर गेल्या, की बाजाराला, दुधाला, शेताच्या बांधापर्यंत तोच बूट निघतो. दसऱ्याच्या सुमारास चपला पुन्हा खाली येईपर्यंत त्याची रबरी बाजूही संपलेली असते, आणि तोवर कोणी त्याला पुन्हा चिकटवून घ्यायला नेत नाही.